यंत्राचा खेळ आणि मांजराचा जीव

‘मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो,’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळीं मांजर माळ्यावर, कणगीच्या आडोशाला आणि गोठ्याच्या वळचणीला हिंडत असे, व खेळावयाला त्याला खरेखुरे उंदीर मिळत. आतां शहरांत चौथ्या-पांचव्या मजल्यावर वाढलेल्या मांजराला उंदीर पाहावयासही मिळत नाहीं. एखादी पाल किंवा झुरळ सांपडलें तर तेंच भाग्य. घरचीं माणसें सकाळीं कामाला जातात, तीं दिवेलागणीला परततात. अशा मांजराची करमणूक व्हावी म्हणून हल्लीं बाजारांत यंत्रावर चालणारीं खेळणीं आलीं आहेत. कोठें चेंडू आपोआप जमिनीवर लोळतो, कोठें कापडी मासा शेपटी फडफडवितो, कोठें काडीला बांधलेलें पीस गरगर फिरतें, तर कोठें लेझरचा लाल ठिपका भिंतीवरून पळतो. हीं खेळणीं कशीं निवडावीं आणि तीं वापरतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कित्येक श्रोत्यांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु विचार न करतां आणलेल्या खेळण्यानें वरील म्हण फिरते. खेळ यंत्राचा होतो आणि जीव मांजराचा जातो. म्हणून थोडा वेळ या विषयाला द्यावा अशी विनंति आहे.

मांजर खेळतें म्हणजे नेमकें काय करतें, हें प्रथम पाहूं. आपलें घरगुती मांजर आफ्रिका व पश्चिम आशिया या प्रदेशांतील रानमांजरापासून निघालें, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून ठरलें आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या दफनाजवळच पुरलेलें मांजर सांपडलें, त्याची हकीकत २००४ सालीं जाहीर झाली. मनुष्यानें धान्य सांठविलें, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागून मांजर आलें, असा हा संबंध आहे. कुत्र्याला मनुष्यानें आपल्या कामाप्रमाणें घडविलें. मांजराला फारसें घडविलें नाहीं. गादीवर लोळणारें मांजर अंतर्यामीं अजून शिकारीच आहे, आणि त्याचा खेळ म्हणजे शिकारीचीच उजळणी होय. ब्रिटनमधील साउदम्प्टन विद्यापीठांतील हॉल व ब्रॅडशॉ या संशोधकांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें कीं, मांजर भुकेलें असलें म्हणजे खेळण्याशीं अधिक जोमानें खेळतें. खेळ आणि शिकार यांचें मूळ एकच, याला याहून चांगला पुरावा कोणता पाहिजे?

शिकारीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. मांजर आधीं नजर लावतें, मग पोट जमिनीला टेकवून दबा धरतें, मग थोडें धांवून झडप घालतें, पंजांत धरतें, चावा घेतें आणि शेवटीं खातें. यांपैकीं पहिल्या पायऱ्या झाल्या आणि शेवटच्या झाल्याच नाहींत, तर शिकार अपुरी राहते. खेळण्याची पारख करतांना ही एक गोष्ट लक्षांत ठेवली तरी निम्मी निवड आपोआप होते. ज्या खेळण्याला मांजर दबा धरून पाहूं शकतें, ज्याच्यावर झडप घालूं शकतें आणि जें शेवटीं त्याच्या पंजांत सांपडतें, तें खेळणें चांगलें. जें कधींच हातीं लागत नाहीं, किंवा जें सावजाप्रमाणें दूर न पळतां उलट मांजराच्याच अंगावर चालून येतें, तें वाईट. उंदीर कधीं मांजरावर धांवून जात नाहीं. तो थबकतो, आडोशाला जातो, पुन्हां डोकावतो आणि पळतो. तसें थबकत व लपत चालणारें यंत्र मांजराला आवडतें; एकसारखें गरगरणाऱ्या यंत्राचा त्याला लवकरच कंटाळा येतो.

मांजराचीं इंद्रियें आपल्याहून निराळीं आहेत, याचाही विचार करावा. त्याला हालचाल चटकन् दिसते, परंतु नाकासमोर वीतभर अंतराच्या आंत असलेली वस्तु स्पष्ट दिसत नाहीं. तेथें तें मिशांनीं चांचपून पाहतें. तांबडा रंग त्याला आपल्यासारखा झगझगीत दिसत नाहीं. तेव्हां खेळण्याचा भडक रंग हा विकत घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठीं असतो, मांजरासाठीं नव्हे. कानाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मनुष्याच्या कानाला एका सेकंदांत फार तर २० हजार कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. मांजराला ६० हजारांच्याही वरचा ऐकूं येतो. आपल्याला जें यंत्र अगदीं मुकें वाटतें, त्याच्या मोटरची किरकिर मांजराच्या कानाला असह्य होत असण्याचा संभव आहे. म्हणून नवें खेळणें प्रथम खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालू करावें व मांजराचे कान पाहावे. कान पुढें टवकारलेले असले तर ठीक. कान मागें चपटे झाले, शेपूट आपटूं लागलें, किंवा मांजर पलंगाखालीं जाऊन बसलें, तर तें खेळणें त्याला नको आहे असें समजावें. बळजबरीनें जवळ नेऊं नये.

आतां बाजारांतील प्रकारांकडे वळूं. आपोआप लोळणारा चेंडू आपल्याकडील फरशीवर चांगला चालतो. तो मांजराच्या तोंडांत मावणार नाहीं इतका मोठा असावा, त्याचें कवच दांतांनीं न फुटणारें असावें, आणि थोडा वेळ चालून तो आपला आपण थांबणारा असावा. चाकांचा चेंडू असेल तर लांब केसांच्या मांजरासाठीं तो घेऊं नये. शेपटीचे केस चाकांत गुंततात. कापडाच्या घडीखालीं काडी फिरते तो प्रकार मला विशेष पसंत आहे, कारण चादरीखालीं हालणाऱ्या आपल्या बोटांवर मांजर जसें तुटून पडतें, तसेंच तें येथें करतें. लपलेल्या सावजाचा भास त्यांत पुरेपूर असतो. फक्त कापड फाटून आंतील काडी उघडी पडली कीं तें खेळणें काढून टाकावें. फडफडणारा कापडी मासा मांजराला पोटाशीं धरून मागच्या पायांनीं लाथाडतां येतो. त्यानें शिकारीची शेवटची पायरी साधते, आणि म्हणून तो चांगला. परंतु त्याच्या पोटांतील यंत्राची पिशवी घट्ट बंद होते कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. ठराविक वेळीं खाऊचे दाणे बाहेर टाकणारें खेळणें तर उत्तमच, कारण तेथें खेळाचा शेवट खाण्यांत होतो. मात्र ते दाणे रोजच्या खुराकांतून मोजून काढावे. वरकड घालूं नयेत. घरांत बसून राहणारें मांजर आधींच स्थूलतेकडे झुकत असतें.

लेझरच्या ठिपक्याविषयीं निराळें बोलावें लागेल. लेझरचा झोत जमिनीवर टाकून मांजराकडून व्यायाम करविण्याच्या युक्तीला अमेरिकेंत १९९५ सालीं चक्क पेटंट मिळालें आहे. ठिपक्यामागें मांजर जीव तोडून धांवतें, हें खरेंच. परंतु प्रकाश पंजांत सांपडत नाहीं. झडप घालावी तर पंजाखालीं फरशी, आणि ठिपका पंजाच्या वर. शिकार होत राहते. संपत मात्र नाहीं. २०२१ सालीं सहाशेंहून अधिक मांजरपाळकांना प्रश्न विचारून एक पाहणी करण्यांत आली. ज्या मांजरांशीं लेझरनें वारंवार खेळलें जातें, त्यांच्यांत सांवल्यांचा किंवा कवडशांचा पाठलाग करणें, कोठेंतरी टक लावून बसणें, एकाच खेळण्याचा ध्यास घेणें, अशा संवयी अधिक आढळतात, असें तींत दिसून आलें. लेझरमुळेंच हें होतें असें त्या पाहणीनें सिद्ध झालें नाहीं. तथापि सावध होण्याला एवढें पुरे आहे. लेझर वापरावयाचाच असेल तर स्वतः हातांत धरून थोडा वेळ वापरावा, ठिपका डोळ्यांवर कधींही जाऊं देऊं नये, आरसे व चकचकीत भांडीं यांच्यापासून दूर ठेवावा, आणि शेवटीं तो एखाद्या कापडी उंदरावर नेऊन थांबवावा, म्हणजे मांजराच्या पंजांत कांहींतरी येतें. घरांत कोणी नसतांना भिंतीवर एकसारखा ठिपका फिरविणारें यंत्र मात्र घेऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

येथवर मांजराच्या मनाचा विचार झाला. आतां त्याच्या जिवाला धोका कशाचा, तें सांगतों. पहिला धोका दोऱ्याचा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक कांटे असतात. म्हणूनच तिचा स्पर्श कानशीसारखा खरखरीत लागतो. या कांट्यांत दोरा, लोकर, फीत किंवा सुतळी अडकली, कीं ती थुंकून टाकणें मांजराला जमत नाहीं. ती आंत आंतच जाते. तिचें एक टोक जिभेच्या मुळाशीं किंवा जठराच्या तोंडाशीं अडकतें आणि दुसरें आंतड्यांत पुढें सरकत राहतें. मग नाडी ओढल्यावर परकराचा नेफा जसा चुण्या पडून गोळा होतो, तसें आंतडें त्या दोऱ्यावर गोळा होतें, आणि ताणलेला दोरा त्याला आंतून कापीत जातो. आमच्या शेजारीं एका कुटुंबानें दोरीला पीस बांधून तें फिरविणारें एक यंत्र आणलें होतें. सर्व मंडळी लग्नाला गेलेलीं असतांना तें चालू राहिलें. परत आल्यावर पीस नव्हतें आणि वीतभर दोरीही नव्हती. मांजरी ओकूं लागली, तेव्हां केसांचा गोळा अडकला असेल अशा समजुतीनें दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं पोट कापून दोरी काढावी लागली. मांजरी वांचली, परंतु तिसऱ्या दिवसाचा चौथा झाला असता तर वांचती ना, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

यावरून दोन नियम घ्यावे. लोंबती दोरी असलेलें खेळणें, मग तें यंत्राचें असो वा हाताचें, खेळ संपतांच कपाटांत बंद करावें. आणि मांजरानें दोरा गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहूं नये. तोंडांतून किंवा गुदद्वारांतून टोक दिसत असलें तरी तें ओढूं नये. ओढल्यानें आंतील इजा वाढते. तेल, तूप किंवा मिठाचें पाणी पाजण्याच्या घरगुती उपायांच्या भरीस न पडतां सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे जावें. मुंबईकरांना परळचें बाई साकरबाई पेटिट रुग्णालय ठाऊकच आहे. इतर ठिकाणच्या श्रोत्यांनीं आपल्या गांवांतील पशुवैद्याचा पत्ता व रात्रीं कोण भेटतें ही माहिती आधींच लिहून ठेवावी.

दुसरा धोका बटनासारख्या चपट्या बॅटरीचा. ही बॅटरी फुटली तरच अपाय होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. अखंड बॅटरी घशांत अडकली तरी तेथील ओलाव्यांतून तिच्या दोन बाजूंमध्यें वीज वाहूं लागते आणि ऋण बाजूपाशीं दाहक क्षार तयार होतो. याची प्रचीति स्वयंपाकघरांतील वस्तूंनीं घेतां येते. हळद व मीठ कालविलेल्या पाण्यांत एक पांढरें फडकें भिजवून पिळावें आणि त्यांत अशी एक बॅटरी गुंडाळून ठेवावी. कांहीं वेळानें उघडून पाहिलें, तर ऋण बाजूभोंवतीं पिवळ्या फडक्यावर लाल डाग पडलेला दिसतो. हळदींत चुना मिसळला म्हणजे ती लाल होते, हें आपल्या घरांत सर्वांस माहीत आहे. तीच ही क्षाराची खूण. हा प्रयोग वडील माणसानेंच करावा व बॅटरी लगेच मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी टाकावी. फडक्यावर जो डाग पडला तोच घशाच्या कोंवळ्या अस्तरावर पडतो, आणि तेथें तो जखम करतो. लहान मुलांच्या अन्ननलिकेला अशा बॅटरीनें दोन तासांच्या आंत गंभीर इजा होऊं शकते, असें वैद्यकाचें सांगणें आहे. मांजराचा घसा तर त्याहूनही लहान. जुनी, खेळणें चालवेनाशी झालेली बॅटरीही निरुपद्रवी नसते. तिच्यांत इजा करण्यापुरती शक्ति उरलेली असते. म्हणून ज्या खेळण्यांतील बॅटरीचा कप्पा नखानें उघडतो तें घेऊं नये. स्क्रूनें बंद होणारें घ्यावें.

चार्जरवर भरण्याच्या बॅटरीचें खेळणें बरें, परंतु तें भरतांना घरांत कोणीतरी जागें असावें, तार मांजराच्या दांतांना लागूं देऊं नये, आणि खेळणें फुगलें किंवा तापूं लागलें तर तत्काळ बाजूला करावें. लहान चुंबक असलेलीं खेळणीं टाळावीं. दोन चुंबक गिळले गेले तर आंतड्याचे दोन पदर मध्यें धरून ते एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग मरतो. आणि उंच इमारतींत राहणाऱ्यांनीं गॅलरीला व खिडक्यांना जाळी लावल्यावांचून धांवतें खेळणें सोडूंच नये. शिकारीच्या भरांत मांजराला कठडा दिसत नाहीं. न्यूयॉर्क येथील जनावरांच्या एकाच रुग्णालयांत १९८४ सालीं पांच महिन्यांत उंचावरून पडलेलीं १३२ मांजरें आणण्यांत आलीं होतीं.

येथें खरेदीविषयीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशांत १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह असणें सक्तीचें झालें आहे. परंतु हा नियम मुलांच्या खेळण्यांचा आहे, मांजराच्या नव्हे. तेव्हां मांजराच्या खेळण्यावर तें चिन्ह असेलच असें धरून चालूं नये. परीक्षा आपणच करावी. खेळणें हातांत घेऊन पीस, डोळे, घुंगरूं हीं जोर लावून ओढून पाहावीं. आपल्या बोटांनीं जें निघतें तें मांजराच्या दांतांनीं निघणारच. हलवून आंत कांहीं सैल वाजतें का तें ऐकावें. शिवण उसवून पाहण्याचा प्रयत्न करावा. दुकानदार रागावला तर दुसरें दुकान पाहावें. तारेवरून मागविलेल्या वस्तूप्रमाणें हल्लीं मोबाइलवरून मागविलेली वस्तु आधीं हातीं येत नाहीं. ती आल्यावर मांजराला देण्यापूर्वीं हीच परीक्षा घरीं घ्यावी.

आतां वापरण्याची रीत. मांजर स्वभावतः पहांटे व संध्याकाळीं शिकार करतें, आणि तीही थोडा थोडा वेळ. म्हणून सकाळीं व सायंकाळीं जेवण घालण्याच्या आधीं दहा मिनिटें खेळवावें, शेवटीं सावज त्याच्या हातीं लागूं द्यावें आणि लगोलग वाटी पुढें ठेवावी. शिकार, भोजन, अंग चाटणें आणि निद्रा हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. तो पाळला म्हणजे रात्रीं दोन वाजतां अंगावर उड्या मारणारें मांजरही पुष्कळदां शांत झोंपतें. म्हाताऱ्या मांजराला उडी मारावयास लावूं नये. खेळणें जमिनीलगत व सावकाश चालवावें. खेळतांना मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें तर खेळ तेथेंच थांबवावा, आणि असें वारंवार झाल्यास डॉक्टरांस दाखवावें. कुत्र्याला धाप लागणें साधें, मांजराला नव्हे.

एकच खेळणें रोज पुढें टाकलें तर तें मांजराला लौकरच निर्जीव वाटूं लागतें. वर सांगितलेल्या संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, तेंच तें खेळणें पुन्हां पुन्हां दिल्यावर मांजराचा उत्साह ओसरतो, पण त्याचें रूप व वास बदलून दिल्यास तो लगेच परत येतो. तेव्हां दहा खेळणीं विकत घेण्याऐवजीं तीन-चारच घ्यावीं, एक बाहेर ठेवावें व बाकीचीं बंद ठेवावीं, आणि आठवड्यानें पालट करावा.

शेवटीं मुख्य प्रश्न उरतो. घरीं कोणी नसतांना मांजर यंत्राच्या स्वाधीन करावें कीं नाहीं? हल्लीं अशीं खेळणीं निघालीं आहेत कीं, कचेरींत बसून मोबाइलवरून तीं चालवितां येतात आणि मांजर काय करतें तेंही दिसतें. परंतु दिसतें एवढेंच. मांजराच्या तोंडांत दोरी गेलेली पाहिली, तरी कचेरींतला हात तेथें पोंचत नाहीं. म्हणून आपण घरीं नसूं तेव्हां यंत्र बंद असावें. त्या वेळेसाठीं मांजराला पुठ्ठ्याची एक रिकामी पेटी, कागदाचा बोळा, जाळी लावलेल्या खिडकींत बसावयाला जागा आणि घरांत चार ठिकाणीं दडवून ठेवलेले थोडे खाऊचे दाणे एवढें पुरतें. यांत मोडण्यासारखें व गिळण्यासारखें कांहीं नाहीं, आणि खर्चही नाहीं.

यंत्रें वाईट आहेत असें मला म्हणावयाचें नाहीं. ज्यांचे हात संधिवातानें आंखडले आहेत, ज्यांना वांकतां येत नाहीं, अशा वृद्धांना तीं फार उपयोगीं पडतात. खुर्चींत बसून त्यांना आपल्या मांजराचा खेळ पाहतां येतो. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत एक्झेटर विद्यापीठानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भांत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बाहेर हिंडणाऱ्या मांजरांशीं त्यांच्या घरच्या माणसांनीं रोज फक्त ५ ते १० मिनिटें पिसाची काडी व कापडी उंदीर घेऊन खेळावें, असें ठरलें. तेवढ्यानें तीं मांजरें घरीं मारून आणीत असलेल्या सावजांत २५ टक्क्यांनीं घट झाली. त्या काडींत मोटर नव्हती आणि बॅटरीही नव्हती. दुसऱ्या टोकाला माणूस होता. यंत्र घ्यावयाचें तर तें आपल्याला बसल्या जागीं साह्य करील असें घ्यावें, तें चालू असेपर्यंत जवळ बसावें, आणि आपण उठतांना त्याचें बटन बंद करून तें कपाटांत ठेवावें.